दहा वर्षांच्या पोराला चोर म्हणायचं नसतं हो

आज पीटीएमला गेले होते, आल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय. आमच्या आधी लेकीच्या वर्गातला एक मुलगा होता, पाचवीतला, कुणाचा तरी कंपास बॉक्स घेतला होता म्हणे. मॅडमनी दहा-बारा पालकांसमोर सरळ म्हटलं, "ये तो चोर है।" आई बिचारी मान खाली घालून उभी, आणि पोरगा बुटाचा वेल्क्रो उघडतोय, लावतोय, उघडतोय, लावतोय, तेवढाच आवाज वर्गात.

घेतला असेल, नाही म्हणत नाही. पण का घेतलास, हे एकानेही विचारलं नाही!! बी.एड.ला सगळ्यांनी पियाजे शिकलेला असतो ना, तो मुलं विचार कशी करतात ते शोधणारा मानसशास्त्रज्ञ? १९३२ सालच्या पुस्तकात आहे ते, त्याने पोरांना गोष्ट सांगून विचारलं, चुकून १५ कप फोडणारा मुलगा जास्त वाईट की आईला न सांगता जॅम काढताना १ कप फोडणारा? लहान पोरं म्हणतात १५ वाला, पण नऊ-दहाची पोरं मनात काय होतं ते बघायला लागतात. म्हणजे त्या बाकांवरच्या पोरांना कळतं तेवढंही आपण बघायचं नाही का?

मी चौथीत असताना रामबागेतल्या घरी आजीच्या देव्हाऱ्यातले दोन रुपये उचलले होते, बोरं खायला. संध्याकाळी आजीने तांब्यातली नाणी मोजली आणि मला एकटीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "दोन रुपये कमी आहेत. तू खोटं बोलणारी नाहीस, मला ठाऊक आहे." बस. मी जी रडायला लागले!

चार वर्षांचं पोर स्वतःबद्दल काय सांगतं, माझे बूट लाल आहेत, मला उडी मारता येते. आठ-नवाच्या पुढे तेच पोर सांगतं मी हुशार, मी ढ, शेजारच्याशी ताडून बघायला लागतं, आणि मोठ्यांनी दिलेला शब्द मग चिकटूनच बसतो त्याला. आजी मला चोर म्हणाली असती तर मी चोरही झाले असते, खरंच सांगते.

चाळीस पोरं सांभाळणं सोपं नाही, मान्य. शिक्षाही हवी. मलाही होतीच की, दर शनिवारी खाऊच्या पैशातले चार आणे तांब्यात टाकायचे, आठ आठवडे.

येताना पलासियाच्या सिग्नलला लेकीने मागून विचारलं, "आई, तो चोर आहे का गं?" मी म्हटलं, नाही बाळा, त्याने बॉक्स घेतला, तो परत देईल. ती गप्प बसली, मग म्हणाली, "उद्या मी त्याच्याजवळ बसू?"

आठव्या शनिवारी तांब्यात नाणं वाजलं तेव्हा आजी वाती वळत होती. वर न बघताच म्हणाली, "फिटले गं."