दगडगोट्यांच्या आधी दाराची कडी बघा

शाळेत बंदूकधारी हल्लेखोर घुसला तर त्याच्यावर फेकायला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ब्लू माउंटन शाळांनी वर्गावर्गात नदीच्या गोट्यांची बादली ठेवल्याचं २०१८ मध्ये गाजलं, म्हणून आपल्याकडेही ठेवा, असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही बुवा. अहो, तिथेही गोटे हा शेवटचा उपाय होता, आधी पळा, ते जमलं नाही तर दार लावून आत बसा. आणि आठवीच्या पोरांच्या हाताशी गोटे दिले तर हल्लेखोर राहिला बाजूला, मधल्या सुट्टीतच दोघांची डोकी फुटतील!

मी इंदूरला शिकवते. आमच्या वर्गाची कडी बाहेरून, आतला बोल्ट आहे पण चौकटीतलं भोक रंगाने बुजलेलं, खिडक्यांना गज, म्हणजे पळायचीही सोय नाही. मॉक ड्रिलला सांगितलं बेंच लावून दार अडवा, आम्ही सगळे बेंच सरकवले आणि मग लक्षात आलं की दार बाहेर उघडतं, बेंचांचा उपयोग शून्य. शेवटी एका मुलाने बेल्ट काढून हँडलला अडकवला, दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं, तेव्हा कुठे दार धरलं गेलं. बोल्टचा अर्ज दिलाय, साहेब म्हणतात पुढच्या बजेटमध्ये बघू.