रेफ्युजीचं पाकीट आणि 'खोटारडा' शेतकरी

पुण्यातल्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. म्हणे शेतकऱ्यांना विचारून केलेले सर्व्हे फेकून द्या. ते रेफ्युजी (बीटी कपाशीच्या कडेने लावायची बिगरबीटी तासं) न लावता लावली म्हणतात, वाण ठाऊक नसतं, क्षेत्र फुगवतात, चोर बीटी (सरकारी मंजुरी नसलेलं बीटी कपाशीचं बी) लपवतात. एकूण, खोटारडे. त्याच ग्रुपवर माझे बाबा आहेत, जन्मभर कापूस पिकवलेले. त्यांनी वाचलं आणि फोन खाली ठेवला. मला मात्र गप्प बसवेना.

आधी रेफ्युजी, कारण बोंडअळीचं खापर तिच्यावरून शेतकऱ्याच्या माथी फोडलंय. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं, जनुक बदललेलं कपाशीचं बी. त्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. त्यातलं बिगरबीटी बी कडेने लावायचं, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही. काही पाकिटांत त्याऐवजी तूर असायची. आमच्याकडे कपाशीत तुरीचं तास एरवीही असतंच. सर्व्हेवाला विचारतो, "रेफ्युजी लावली का?" शेतकरी तुरीकडे बघून "हो" म्हणतो. यात खोटं काय बोलला तो? गुलाबी बोंडअळी तुरीवर जगत नाही, हे पाकीट विकताना त्याला कोणी सांगितलं होतं? "कडेला कोणतं बी टाकलं, किती तासं?" असं विचारा की! नीट उत्तर मिळेल.

वाणाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. इथिओपियात रताळ्याच्या वाणांची डीएनए तपासणी करून शेतकऱ्यांची उत्तरं ताडून पाहिली. 2019 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. 20 टक्के शेतकऱ्यांनी गावरान वाणाला सुधारित म्हटलं होतं आणि 19 टक्क्यांनी सुधारित वाणाला गावरान. फसवायचंच असतं तर चूक एकाच बाजूला झुकली असती ना? बेणं हातोहाती फिरतं, नावं बदलतात.

क्षेत्र? माणूस सातबाऱ्यावरचा आकडा सांगतो, त्यात पोटखराबाही (न पिकणारी जमीन) आला. युगांडात जीपीएसने मोजलं तेव्हा लहान तुकडे जास्त सांगितलेले निघाले, मोठे कमी. मग सरसकट फुगवलं कुठे?

चोर बीटीवर 2019 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. वहीत नाव लिहून घेणाऱ्यापुढे कोण कबूल करेल? तरी जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे लावलं आणि गुन्हे अंगावर घेतले.

भाच्या, दिवाळीत ये आणि आजोबांना विचार, यंदा कोणतं बी लावलं. पत्र्याच्या पेटीत बिलं आणि रिकामी पाकिटं जपून ठेवलीत त्यांनी.