अर्धा सेंट

गेल्या रविवारी टँपातल्या एका वास्तुशांतीच्या पंगतीत माझ्या साडूंनी मठ्ठ्याचा पेला हातात धरून सगळ्यांसमोर जाहीर केले, की कंपनीच्या हिशेबात त्यांनी मला अर्धा सेंट सोडला आहे. लोक हसले. मीही हसलो, कारण जिलबी अजून वाढायची होती.

कंपनी म्हणजे पूजेचे चौरंग, समया आणि मखरे भाड्याने देणारी आमची दोघांची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. भाड्याच्या हॉलमधल्या गालिच्यावर समई कलंडली तर राहते घर विकायची पाळी येऊ नये, म्हणून ती काढली. फ्लोरिडात अशी कंपनी काढायला १२५ डॉलर लागतात आणि ती जिवंत ठेवायला दरवर्षी १३८.७५ डॉलर, म्हणजे बारसे स्वस्त आणि वाढदिवस महाग. त्याला 'वार्षिक अहवाल' असे भारदस्त नाव असले, तरी त्यात नफातोटा कोणी विचारत नाही. पत्ता तोच आहे का, माणसे तीच आहेत का आणि कोर्टाचे कागद स्वीकारायला राज्यात रजिस्टर्ड एजंट आहे का, एवढेच सांगायचे असते. काहीही बदललेले नसेल, तर काहीही बदललेले नाही हे कळवण्याचे पैसे भरायचे. त्यातले ५० डॉलर अहवालाचे आणि ८८.७५ डॉलर पुरवणी शुल्काचे. पुरवणी मुळापेक्षा मोठी का, हे विचारण्यासाठी अर्जात रकाना नाही.

मुदत १ जानेवारी ते १ मे. आमचे रजिस्टर्ड एजंट साडू, आणि हे पद त्यांनी इतके मनावर घेतले की गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतल्या जाहिरातीतही स्वतःच्या नावाखाली ते छापून घेतले. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "आपलं वार्षिक झालं बरं का!" ते वयाने मोठे, शिवाय हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अशा माणसाला पावती दाखवा म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. मे महिन्यात एका हॉलवाल्याने कंपनीचे कागद मागितले, म्हणून मी राज्याच्या संकेतस्थळावर पाहिले, तर शेवटचा अहवाल गेल्या वर्षीचा. लगेच फोन लावला.

"अहो, सर्टिफिकेट माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर आहे. फ्रेम करून घेतलंय."

"कसलं सर्टिफिकेट?"

"वार्षिक अहवालाचं. शिक्का आहे त्याच्यावर."

"मजकूर वाचून दाखवता का?"

"उठावाचा शिक्का आहे हो. बोटाला लागतो."

"शिक्का राहू द्या. मजकूर वाचा."

त्यांनी फ्रेम खाली उतरवली. खिळाही सोबत आला असावा, कारण पलीकडून वहिनींचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी वाचले, की सदर कंपनीने गेल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे सर्व शुल्क भरलेले आहे, तिचा सर्वांत अलीकडचा अहवाल गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दाखल झाला आहे आणि ती सक्रिय आहे. म्हणजे यंदाचा अहवाल भरलेला नाही, याची राज्याच्या शिक्क्यानिशी दिलेली कबुली त्यांनी दिवाणखान्यात टांगली होती.

"बघा, ॲक्टिव्ह म्हणतंय!" साडू म्हणाले.

हा दाखला राज्याकडून थेट मागवला तर पाच डॉलरला मिळतो. साडूंनी एका खासगी कंपनीचे पत्र आले म्हणून तिला सुमारे ऐंशी डॉलरचा चेक पाठवला होता. आमचा पत्ता सरकारी नोंदीत असल्यामुळे कोणालाही पाहता येतो, आणि तो पाहून अशी पत्रे धाडणारे पुष्कळ आहेत. ते पत्र मी नंतर पाहिले. वर गरुड, मध्ये कायद्याची कलमे, ठळक अक्षरांत तारीख आणि अगदी तळाशी बारीक टाइपात, आम्ही सरकारी कार्यालय नाही. बारीक अक्षरांचा चष्मा वेगळा आहे, असे साडूंचे म्हणणे पडले.

१ मे उलटली की ४०० डॉलर दंड. एक दिवस उशीर झाला तरी तेवढाच आणि ऑगस्टात भरला तरी तेवढाच. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला जेवढा, तेवढाच चौरंगवाल्याला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंतही अहवाल गेला नाही, तर चौथ्या शुक्रवारी कंपनीच विसर्जित होते. ना-नफा संस्थांना मात्र हा दंड नाही. आमची कंपनीही नफा करत नाही, पण तसा तिचा हेतू नसल्यामुळे ती सवलत आम्हाला लागू होत नाही. हे हसून सांगण्यासारखे असले, तरी वर्षभर समया घासून जे उरते ते या एका दंडात जाते, आणि त्या बदल्यात राज्य माझ्यासाठी काय करते, हे मला अजून कळलेले नाही.

पंगतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. "डेलावेअरमध्ये का नाही काढली?" हे विचारणारा गृहस्थ प्रत्येक पंगतीत असतोच. डेलावेअर एलएलसीकडून अहवाल मागत नाही हे खरे, पण १ जूनला ३०० डॉलर कर मागते, आणि धंदा फ्लोरिडात करायचा म्हटला की इथे पुन्हा नोंदणी आणि पुन्हा तेच १३८.७५ डॉलर. ओहायोत हा अहवाल मुळातच नाही, हे कोलंबसहून आलेल्या माझ्या मावसभावाने भात कालवता कालवता दोनदा सांगितले.

राहता राहिला हिशेब. दंड धरून ५३८.७५ डॉलर झाले. तुम्हीच भरा, असे वडीलधाऱ्या साडूंना सांगता येईना, म्हणून निम्मे-निम्मे ठरले. निम्मे म्हणजे २६९ डॉलर आणि साडेसदतीस सेंट. "वरचा अर्धा माझ्याकडे," साडू म्हणाले, आणि पुढे ही उदारता त्यांनी पंगतीत वाढली.

अहवाल मी स्वतः भरला आणि रजिस्टर्ड एजंट म्हणून माझे नाव घातले. साडूंना ते काल संकेतस्थळावर दिसले. त्यांना त्यांचे पद परत हवे आहे. दाखल झालेला अहवाल बदलता येत नाही. सुधारित अहवालाला ५० डॉलर पडतात, नुसता एजंट बदलण्याच्या अर्जाला २५. जानेवारीपर्यंत थांबा, तेव्हा वेगळे पैसे न भरता वार्षिक अहवालातच बदलता येईल, असे मी त्यांना नम्रपणे सुचवले. त्यावर त्यांनी हिच्या थोरल्या बहिणीकडे फोन दिला.