शिवराईखालची पाटी

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर सध्या एका तांब्याच्या नाण्यावरून रणकंदन चाललंय, आणि ते वाचून माझं डोकं फिरलंय. बेळगावच्या रविवार पेठेतल्या आमच्या एका मित्राने घरची अडत बंद केली. माळा आवरताना जे निघालं ते त्याने जपून ठेवलं: पितळी वजनं, जुनी मापं, हुंड्या, रोजखर्डे, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मालपावत्या आणि आजोबांनी जमवलेली नाणी. एका वाचनालयाच्या दोन खोल्यांत हे सगळं मांडायचा त्याचा बेत आहे. शाबासकी द्यावी अशी गोष्ट. पण त्याने शिवराईखालच्या, म्हणजे त्या तांब्याच्या नाण्याखालच्या, पाटीचा कच्चा मजकूर ग्रुपवर टाकला आणि सुरू झालं. मराठी वर की कन्नड वर? एकाने कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यातली, पाट्यांवर 60 टक्के कन्नडची अट काढली. दुसरा म्हणाला, शिवराई हा बेळगाव आपलं असल्याचा पुरावा आहे, तिच्यावर कन्नड पाटी म्हणजे पुराव्यावर शाई. तिसरा, ज्याची आई धारवाडची, तो म्हणाला, मग आधी गोव्याच्या कदंब राजांची सोन्याची नाणी मांडा. ती तुमच्या शिवराईहून पाचशे वर्षांनी जुनी आहेत.

अरे, नाणं म्हणजे काय सातबारा आहे?

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तिची सुरुवात महाराजांपासूनची, यात वाद नाही. पण नंतर पेशवाईभर कुठल्या कुठल्या टांकसाळी ती पाडत राहिल्या, अक्षरं बिघडत गेली, आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात चालत राहिली. माळ्यावरची शिवराई महाराजांच्या हयातीतली असण्याची शक्यता फार कमी. तिच्या शेजारी मित्राच्या आजोबांनी ठेवलेली आदिलशाही लारी आहे, चांदीची तार मधोमध वाकवून तिच्यावर फारसी ठसा मारलेली. हा प्रकारच मुळात इराणच्या लार गावचा. समुद्रमार्गे आला आणि विजापूरकरांनी उचलला. गोकाकच्या टांकसाळीतले रुपये पाहा, त्यांवरही फारसीच. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पाडलेला रुपया, आणि त्यावर ना कन्नड ना मराठी. सराफ काय बघायचा? वजन आणि कस. बाकी मजकूर त्याच्या दृष्टीने नक्षी.

कदंबांचं नाणं म्हणाल तर त्यावर सिंह आहे आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. आता हा देव गोव्यातला, कदंबांची राजधानी हलशी खानापूर तालुक्यातली, आणि मजकूर संस्कृतातला. कोणत्या पक्षाने ते खिशात घालायचं ते ठरवा.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात बेळगावचे दोन शिलालेख आहेत. 1204 सालचे, सौंदत्तीच्या रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या वेळचे. इथल्या जैन बसदीला, म्हणजे मंदिराला, दिलेल्या दानाचे. लेख कन्नड आहेत, हे आमच्या ग्रुपवरच्या पुराव्यावाल्यांना मी मुद्दाम कळवलं (थोड्या आसुरी आनंदाने, कबूल करतो). पण मला त्यातले व्यापारी जास्त आवडतात. त्यात लाट देशाचे लोक आहेत, मलयाळ देशाचे लोक आहेत. गुजरातपासून केरळपर्यंतची माणसं वेणुग्रामात, म्हणजे तेव्हाच्या बेळगावात, दुकान मांडून बसलेली, आणि आपल्या मालातला वाटा एका बसदीला लावून देणारी. आठशे वर्षांपूर्वी हे गाव बाहेरच्यांचं होतं. आता आम्ही दोन्ही बाजूंनी तिथे मूळ मालक शोधतोय.

मित्राच्या खोल्यांत मला राजे कमी आणि वाटा जास्त हव्यात. रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर वेंगुर्ला. रामघाटातून, पुढे आंबोलीच्या रस्त्याने मीठ, खोबरं, सुकी मासळी वर यायची. धान्य, कापूस, गूळ खाली जायचा. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे, मग गाड्या. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्याला जोडली गेली, आणि वेंगुर्ल्याची उतरती कळा सुरू झाली. कॅसलरॉकला पोर्तुगीज हद्द, जकातीची तपासणी. मित्राच्या डब्यातला गोव्याचा रुपिया त्याच वाटेने आला असणार. रीतसर की बिनरीतसर, ते त्याच्या आजोबांनी कधी सांगितलं नाही.

आणि शहापूर! बेळगाव इंग्रजांचं, पण शहापूर सांगली संस्थानात, 1948 पर्यंत. साडी घ्यायला दुसऱ्या राज्यात जायचं आणि जेवायला घरी परत. गावाच्या मधोमध सीमा होती. तिच्यासाठी आज कोणी घोषणा देत नाही, तिच्यावरून कोणी सुप्रीम कोर्टातही गेलेलं नाही.

हे सगळं मी लिहिलं तर ग्रुपवर उत्तर आलं, ‘तू तिकडं बसून काय शिकवूलैस बे आमाला?’

बरं, तिकडचं ऐका. मी बेल्जियममध्ये लूव्हेनला राहतो. 1968 मध्ये इथल्या विद्यापीठाची भाषेवरून फाळणी झाली, सरकार पडलं, फ्रेंच विभाग उठून शेतात नवं गाव वसवायला गेला. ग्रंथालय वाटून घेतलं, तेही क्रमांकांवरून: विषम एकीकडे, सम दुसरीकडे. युरो येईपर्यंत इथली फ्रँकची नाणी दोन प्रकारची पाडली जायची, काहींवर देशाचं नाव फ्रेंचमध्ये, काहींवर डचमध्ये. वजन तेच, किंमत तीच, आणि कोणी दुकानदार नाणं उलटून बघत बसत नव्हता. लीएजला जाताना लांडेन सोडलं की गाडीतली उद्घोषणा भाषा बदलते, कोणी मान वर करत नाही. हायवेवर डचमध्ये लाउक लिहिलेलं असतं, पुढे तेच लीएज होतं. ज्याला जायचंय तो जातो. तेर्व्युरेनच्या आफ्रिका म्युझियममध्ये प्रत्येक पाटी चार भाषांत, फ्रेंच, डच, जर्मन, इंग्रजी. आमच्याकडे दोन भाषांसाठी गळे पकडलेत.

(तिथे कटांगाचे तांब्याचे क्रॉस आहेत, मध्य आफ्रिकेत चलन म्हणून चालायचे. त्या चारांतली एकही भाषा त्या तांब्याची नाही, हे मी ग्रुपवर सांगितलं नाही. माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.)

आणखी एक गोष्ट मी वगळली होती, पण ग्रुपवरच्या धारवाडी आईवाल्याने ती शोधून काढलीच. ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लँडर्स या बेल्जियमच्या डचभाषक भागातल्या व्हिल्व्होर्डे इथे एका तिकीट तपासनीसाने प्रवाशांना डचबरोबर फ्रेंचमध्येही ‘सुप्रभात’ म्हटलं. एका प्रवाशाने तक्रार केली, आणि भाषा आयोगाने ती ग्राह्य धरली. इकडे फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं गेलं आणि दोन राज्यांतल्या बसगाड्या काही दिवस बंद पडल्या. मी त्याला उत्तर दिलं की आमच्याकडे निदान अर्ज लिहितात, डोकी फोडत नाहीत. ‘आमच्याकडे’ म्हणजे बेल्जियम. तो शब्द बोटातून निघून गेला, आणि ग्रुप त्यावर दोन दिवस चालला.

खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नाही. इथे डचचे वर्ग मी खुशीने केले, परीक्षा दिली, नगरपालिकेच्या खिडकीवर डचमध्ये अर्ज भरतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. बेळगावात हेच कन्नडबाबत सांगितलं असतं तर सक्ती म्हणून उठलो असतो. उठलो होतोही. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेधाची काळी फीत लावून वडिलांच्या मागे चालणारा मुलगा मीच. 1986 च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन झालं, गोळीबार झाला, आमच्या आळीतल्या बायका दारं लावून बसल्या होत्या असं आई सांगायची. हे रक्तात बसलंय आणि लूव्हेनच्या डच परीक्षेने ते निघत नाही. डच भाषेने माझ्याकडून काही घेतलेलं नाही, म्हणून मी तिला उदारपणे सगळं देऊ शकतो. आणि माझी कन्नड? भाजीबाजारापुरती. ‘एष्टु’ आणि ‘बेडा’. दुकानदार मराठीत उत्तर द्यायचा, गरजच पडली नाही.

आपल्या नोटेवरच्या त्या 15 भाषांच्या पट्टीत कन्नड चौथी आणि मराठी आठवी. इंग्रजी अक्षरक्रम आहे म्हणून. त्याबद्दल ना बंगळूरला मोर्चा निघाला ना कोल्हापूरला. हा दाखला देऊन मी मित्राला सुचवलं की पाट्या नाण्यांखाली लावूच नकोस. भिंतीवर नकाशा लाव, वेंगुर्ला ते बेळगाव, पुढे गोकाक, हुबळी, आणि प्रत्येक वस्तू तिच्या वाटेवर ठेव. मजकूर मी लिहून देतो, दोन्ही भाषांत, शेजारी-शेजारी, वर-खाली भानगडच नाही.

मराठी मजकूर एका शनिवारी झाला. कन्नडसाठी आयंडहोव्हनला असलेल्या हुबळीच्या एका बाईंना गळ घातली. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्कांनी आनंदाने केलं, फक्त तीन दुरुस्त्या सुचवल्या. नकाशाच्या सुरुवातीला वेंगुर्ला नको, हलशी हवी. शिवराई मधोमध का? आणि डावीकडे मराठी का, वाचणारा डावीकडून सुरू करतो. मी म्हटलं, अक्का, पहिल्या दोन मान्य, डावी बाजू मी सोडणार नाही. त्या म्हणाल्या, मग भाषांतर परत घेते. मित्राचे रोज मेसेज येतायत, खोल्यांना रंग देऊन झालाय, आणि आमचं डाव्या बाजूवरून अजून मिटलेलं नाही.