मापाचा ब्लाउज

"ताई, हा मापाचा ब्लाउज कधीचा?"

टेलरमास्तरांनी हे विचारलं तेव्हा दुकानात आणखी दोघीजणी उभ्या होत्या. नाहीतर मी सरळ खरं सांगितलं असतं. सदाशिव पेठेतलं ते वीतभर दुकान, कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जातं. मी म्हटलं, "असेल चार-पाच वर्षांपूर्वीचा." मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी ब्लाउज उलटा केला, काखेतली शिवण बोटांनी फाकवली आणि मला दाखवली. एकाशेजारी एक, उसवलेल्या तीन टिपांच्या खुणा. "माया संपली याची," ते म्हणाले. "आता उसवायला आत काही उरलं नाही."

ज्यांनी कधी शिवणकाम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाई भरली की एक टीप उसवायची, पुढे मोकळं होतं. हा शब्द ज्याने कोणी त्या कापडाला दिला त्याला माझा नमस्कार.

घरी येताना रिक्षात हिशेब केला. तो ब्लाउज मुलाच्या मुंजीतला, २००८ सालचा. मुलगा आता नोकरीला लागून दोन वर्षं झाली आणि मी मात्र दर दिवाळीला, दर लग्नसराईला, त्याच ब्लाउजच्या मापाने नवे ब्लाउज शिवून घेतेय. म्हणजे साडी नवी, ब्लाउजपीस नवा आणि आतली बाई पस्तिशीची. मी त्रेपन्न वर्षांची आहे.

हे लिहायचं कारण असं की गेले महिनाभर माझ्या फोनवर 'चाळिशीनंतर हे कपडे टाळा' छापाची रील्स यायला लागली आहेत. मोबाइलला कसं कळलं देव जाणे. सांगणारी मुलगी जेमतेम अठ्ठावीसची. फुलाफुलांचं घालू नका, सैल घालू नका, घट्ट घालू नका, काळं घातलं तर बारीक दिसता, काळं घातलं तर थकलेल्या दिसता. ऐकून ऐकून शेवटी हातात एक पांढरी चादर उरते. माझं म्हणणं वेगळं आहे. रंग, फुलं, बाह्या, काठ यातलं काहीही बाईला म्हातारं करत नाही. म्हातारं करतं ते जुनं माप.

कसं ते वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या मिसेसनी, मला टेप लावताना समजावलं. माया सोडली की ब्लाउजचा फक्त घेर वाढतो. खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) आणि टक्सचं, म्हणजे उभारासाठी घातलेल्या चुणीचं, टोक जिथल्या तिथेच राहतं. आणि शरीर काही फुग्यासारखं चहूबाजूंनी सारखं फुगत नाही, ते जागा बदलतं. छाती उतरते. वर्षानुवर्षं कॉम्प्युटरसमोर आणि ओट्यासमोर वाकून पाठीला थोडा बाक येतो. पाळी गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे मुक्काम हलवते. खांद्यापासून छातीच्या उभारापर्यंतचं माझं माप १७ वर्षांत सव्वा इंचाने खाली गेलं होतं. मग टक्सचं टोक भलत्याच ठिकाणी, गळा मागे सरकतोय, पुढून ब्लाउज वर चढतोय, दोन हुकांमध्ये फट पडतेय, आणि मी दर तीन मिनिटांनी पदर ओढतेय. ते सारखं ओढणं, सावरणं, चाचपणं असतं ना, त्यानेच बाई दहा वर्षांनी मोठी दिसते. साडीचा काय दोष?

ब्राचंही तेच. पण ते फेसबुकवर लिहिलं की काही काका लोक लगेच खाली नमस्काराची खूण टाकून जातात, म्हणून एकच वाक्य लिहिते. भार छातीखालच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यावरच्या पट्ट्यांवर नाही. खांद्यावर वळ उठत असतील तर माप चुकलेलं आहे. झालं.

आता एक कबुली. धाकटी बहीण आणि मी लग्नाच्या हॉलमध्ये एक खेळ खेळतो. वाईट आहे, मान्य. खेळाचं नाव 'वर्ष ओळखा'. समोरून येणारी बाई कुठल्या सालात थांबली आहे ते सांगायचं. मोठमोठ्या फुलांची जॉर्जेट, ब्लाउज त्यातल्याच एका फुलाच्या रंगाचा, बांगड्या तुळशीबागेत साडी पिशवीतून काढून जुळवून घेतलेल्या, टिकली त्याच रंगाची, पर्ससुद्धा: १९९४. चुडीदार, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन मारून छातीवर इंग्रजी यूसारखी सोडलेली: २००३. घोळदार अनारकली, नेटच्या बाह्या, गळ्याशी खड्यांचा ढीग: २०१२, फार तर १३. आम्ही क्वचित चुकतो.

आणि आता गालातल्या गालात हसणाऱ्या, हातमागाच्या साडीतल्या माझ्या मैत्रिणींनो, तुमचंही वर्ष आलंय. मोठं कुंकू, ऑक्सिडाइज्डचे कानाएवढे झुमके, विरोधी रंगाचा खणाचा ब्लाउज, खांद्याला शबनम. सवाई गंधर्व महोत्सवाला एका रांगेत अशा अकरा बसल्या होत्या. मी मोजल्या. (बारावी मी.) मॅचिंगवाल्या बायकांना आम्ही जुन्या म्हणतो, पण काहीच मॅचिंग न करण्याचा गणवेश करून आम्हीही तिथेच थांबलोय, फक्त थोडं पुढच्या थांब्यावर.

मी कुठे थांबले तेही बहिणीने सांगून टाकलं. "ताई, तू बँकेतली पिन आहेस." म्हणजे पदराच्या पाच बारीक निऱ्या, इस्त्री केल्यासारख्या, खांद्यावर एका मोठ्या पिनेत आवळलेल्या. स्कूटर चालवायची, काउंटरवर बसायचं, पदर कुठे अडकायला नको. सोयीचं होतं ते. पण मी कर्जविभागात येऊन नऊ वर्षं झाली, काउंटर सुटला, पिन काही सुटली नाही. तिने त्या निऱ्या जरा रुंद करून दिल्या, पिन खांद्याच्या पुढे न लावता थोडी मागे लावली. दोन मिनिटांचं काम. आरशात बघितलं तर मान लांब दिसत होती.

थांबतो का आपण? मला वाटतं, ते वर्ष आपण निवडत नाही. मुलाची दहावी असते, सासऱ्यांचं आजारपण असतं, बदली असते. त्या धबडग्यात स्वतःसाठी कपडा निवडायला लागणारी दहा मिनिटंही नसतात, मग आधीचंच पुन्हा. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे आहेर. माझं कपाट मी मागच्या रविवारी उपसलं. ६८ साड्या निघाल्या. त्यातल्या मी स्वतः निवडलेल्या २३. बाकीच्या मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, नणंदेच्या घरचं लग्न, भाऊबीज. वर नवरात्रातले नऊ रंग, त्यापायी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या धाकाने घेतलेली एक करडी, एक भगवी. म्हणजे मी कशी दिसते हे बऱ्याच अंशी माझ्या मावसजावेने लक्ष्मी रोडवर घाईघाईत, 'त्यांच्या वयाला चालेल अशी दाखवा हो' म्हणून ठरवलेलं आहे.

'वयाला चालेल अशी'! हे वाक्य दुकानात बोललं की विक्रेता न विचारता कोणता गठ्ठा खाली काढतो ते पाहा. बदामी, मोतिया, फिकट शेवाळी, बिस्किटी. मराठीत रंगांना काय नावं आहेत: डाळिंबी, चिंतामणी, आमसुली, मोरपंखी, अबोली, राणी. आणि पन्नाशी उलटलेल्या बाईच्या वाट्याला बिस्किट. माझ्या एका मावशीने काका गेल्यावर लाल रंग सोडला. तिला कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. पण चालेल असंही कोणी म्हणालं नाही. ती शाळेत शिकवायची, वर्गातल्या मुली तिला 'लाल साडीच्या बाई' म्हणायच्या. पुढची वीस वर्षं ती धुवट रंगांत वावरली. 'शोभणं' या शब्दात आपण काय काय दडवून ठेवलंय याचा विचार केला की मला त्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा राग येईनासा होतो. तिचं 'हे टाळा' आणि आपल्या आज्यांचं 'हे शोभत नाही' यात अंतर किती?

आता कुणी म्हणेल, कशाला तरुण दिसायचंय? आहोत तशा बऱ्या. अगदी खरं. मलाही तरुण दिसायचं नाही, त्यात फार मेहनत आहे. मला त्रेपन्नची दिसायचंय. अडचण एवढीच की मी पस्तिशीच्या मापात अडकलेली साठीची बाई दिसत होते.

आणि सोयीचं म्हणाल तर तीच गंमत आहे. आपल्याला वाटतं नीटनेटकं म्हणजे त्रास आणि ढगळ म्हणजे आराम. ज्या ब्लाउजचा दंडघेर दंडाला काचतो, जो काढल्यावर लाल वळ राहतो, त्यात कसला आराम? पोट झाकायला म्हणून एक साइझ मोठा कुर्ता घेतो तेव्हा तो पोटावर तर बसतोच, पण खांद्याची शिवण निम्म्या दंडावर ओघळते. पुढून बघणाऱ्याला वाटतं बाईचे खांदेच पडलेत. कुर्ता घेताना आधी खांदा बघा, तो बसला की पोटाचं शिंप्याकडून सोडवून घेता येतं. उलटं होत नाही, खांदा कमी करायचा तर अख्खी बाही उसवावी लागते. साडीखालचा परकरही तसाच. तीच जाड नाडी, त्याच चुण्या, कमरेला आधीच असलेल्या घेरावर आणखी इंचभर घेर. माझा जरा कमी घेराचा परकर वहिनींनीच शिवला. साडी पहिल्यांदा पायघोळ नीट पडली. एरवी मी ती घोट्याच्या वर नेसून अर्धं पुणं फिरायचे, जणू मुठेला पूर आलाय.

गाऊनबद्दल मात्र मी एक अक्षर ऐकून घेणार नाही. गाऊनवर ओढणी टाकून खाली भाजीवाल्यापर्यंत जाणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे. साडीवर स्वेटर, पायात मोजे आणि बूट घालून तळजाईला जाणाऱ्या काकूंबद्दलही नाही. टेकडी चढणाऱ्या बाईला कपड्यांवरून बोलणाऱ्याने आधी टेकडी चढून दाखवावी.

तर, नवा ब्लाउज आला. गळ्याला दोन बोटं जास्त, बाही कोपराच्या जरा वर, टक्स आपल्या जागी. मुद्दाम नवी साडी घेतली नाही. १९९९ साली पहिल्या पगारवाढीत घेतलेली चटणी रंगाची नारायणपेठ काढली, जिच्यावर मी गेली कित्येक वर्षं 'जुनी झाली' म्हणून हात फिरवून परत ठेवत होते. ऑफिसात तिघींनी विचारलं, "नवी का?" एकीने दुकानाचं नाव विचारलं. मी काहीही सांगितलं नाही. पुणेकर असले तरी इतकी दुष्ट नाही, पण त्या दिवशी होते.

जुना ब्लाउज मास्तरांनी परत दिला, त्याला गुलाबी चिठ्ठी टाचून: 'हे माप रद्द.'

तो घेऊन आईकडे गेले. आई ७९ वर्षांची. लुगड्यातून गोल साडीत आलेल्या सासूची ती सून. पंजाबी ड्रेस तिने आयुष्यात पहिल्यांदा चारधामला घातला, तोही आम्ही दोघी बहिणींनी शपथ घातल्यावर, आणि परत आल्यावर ट्रंकेत ठेवून दिला. तिला सगळी हकिकत सांगितली. तिने ब्लाउज हातात घेतला, शिवण बघितली, तीन टिपा मोजल्या. "पहिली मीच उसवली होती," म्हणाली. "तुझ्या बदलीच्या वर्षी."

मग उठली, कपाटातून तीन ब्लाउजपीस काढले, आहेरातलेच, कागदातून न सोडलेले. एक चक्क डाळिंबी.

"दंडघेर मोठा ठेवायला सांग. दवाखान्यात बीपी बघताना बाही वर सरकत नाही. आणि हुकं नकोत, बोटं वळत नाहीत आता माझी. टिचबटणं लाव म्हणावं."

"बरं. आणि गळा?"

"गळा जरा मोठा."

"किती?"

आईने माझ्या गळ्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"एवढाच."