मालक, अध्यक्ष व्हायचंय तर फिफाकडनं शिका

मालक, गणपती मंडळाचं अध्यक्षपद यंदाही हुकलं म्हणून तोंड पाडून बसू नका. तुमचं चुकलं एवढंच की तुम्ही वर्गणीचा हिशोब फळ्यावर लिहून लावला. हिशोब लावणारा माणूस कधी अध्यक्ष झालाय का? आपण रात्री अडीचला उठून मॅच बघतो पण बघायचं ते बघतच नाही, सगळं लक्ष बॉलकडं. खरा खेळ झुरिचला चालतो, जगाच्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या फिफाच्या ऑफिसात.

थोडक्यात सांगतो. १९०४ साली पॅरिसमध्ये सात देशांच्या संघटनांनी मिळून फिफा काढली, आज २११ मेंबर आहेत. संयुक्त राष्ट्रांत १९३ च. स्वित्झर्लंडच्या कायद्यानं ही ना-नफा संस्था, आणि २०१९ ते २०२२ या चार वर्षांत तिच्याकडं साडेसात अब्ज डॉलर जमा झाले. आपलं मंडळ पण ना-नफाच आहे की, फरक एवढाच की आपल्याला ते खरोखर जमतं.

आता मेन मुद्दा, मतं. फिफाच्या निवडणुकीत ब्राझीलला एक मत आणि मोन्सेराटलाही एकच. मोन्सेराट म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, माणसं पाचेक हजार, राजधानी होती ती ज्वालामुखीच्या राखेखाली गेली. आपल्या सोलापुरात २०११ च्या जनगणनेला साडेनऊ लाख माणसं होती, आपल्याला मत नाही. (तत्त्व म्हणून मला हे वाईट वाटत नाही बरं का, नाहीतर युरोपवाल्यांनी बाकीच्यांना विचारलंच नसतं. पण तत्त्व वेगळं आणि ते कुणाच्या हातात पडतंय ते वेगळं.) ब्राझीलच्या आव्हेलांज साहेबांना हे गणित १९७४ लाच कळलं, इंग्रज अध्यक्षाला पाडायला ते आफ्रिका-आशिया फिरले, वर्ल्ड कपमध्ये जागा वाढवतो म्हणाले आणि निवडून आल्यावर २४ वर्षं बसले. जागा वाढल्या पण, खोटं कशाला बोला. १६ च्या १९८२ ला २४, १९९८ ला ३२, आणि २०२६ ला ४८ टीम, १०४ मॅचेस. टीम वाढल्या की मॅच वाढतात, मॅच वाढल्या की टीव्हीचा पैसा वाढतो, तो मेंबरांना विकासनिधी म्हणून वाटायचा, आणि विकास कुणी केला हे निवडणुकीत त्यांच्या लक्षात राहतं.

तेव्हा तुम्ही पेठेतल्या वजनदार लोकांच्या मागं लागू नका, त्यांना स्वतःलाच अध्यक्ष व्हायचंय. गल्लीच्या टोकाला ते कुलूप लावलेलं घर आहे ना, त्याचा मालक हडपसरला राहतो, त्याला एक मत द्या, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढून द्या, जाताना शेंगा चटणीचा अर्धा किलोचा पुडा हातात ठेवा. असली पंधरा-वीस घरं गोळा केली की झालं. वाडा भरून माणसं असलेला वाडेवाला बसू दे ओरडत, त्याला पण एकच मत.

आणि आपल्याला पण मेंबर करून घ्या असा अर्ज टाकायला माझ्या मते हरकत नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड, एका देशाच्या चार टीम आणि चार मतं, का तर खेळ त्यांनी सुरू केला. वर खेळाचे नियम ठरवणारं एक वेगळंच मंडळ आहे १८८६ पासूनचं, तिथं आठ मतं, चार फिफाची आणि चार या चौघांची, नियम बदलायला सहा लागतात. मग आपण सोलापूरकर १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांना बाजूला सारून तीन-चार दिवस स्वतंत्र राहिलो की, त्याशिवाय का मार्शल लॉ लावला त्यांनी? चार दिवसांचं स्वातंत्र्य, चार मतं नको, एक द्या म्हणावं.

आता यजमानपद. इथं नीट लक्ष द्या, हे मला इतकं आवडलंय की मी दोनदा कागदावर मांडून बघितलं. नियम असा की एका खंडात वर्ल्ड कप झाला की पुढच्या दोन वेळा त्या खंडानं मागायचा नाही. चांगला नियम आहे, कुणाला खोट काढता येणार नाही. २०२६ चा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत, म्हणजे उत्तर अमेरिका बाद. मग २०३० चा दिला मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालला, आणि वर्ल्ड कपची शंभरी साजरी करायची म्हणून सुरुवातीच्या तीन मॅच उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेत. सहा देश, तीन खंड. लोक म्हणाले वा काय मोठं मन. मोठं मन कसलं हो, एका दगडात आफ्रिका, युरोप, दक्षिण अमेरिका तिन्ही बाद झाले, २०३४ ला उरले आशिया आणि ओशनिया, त्यांना इच्छा कळवायला मुदत दिली ती चार आठवड्यांपेक्षाही कमी. सौदी अरेबियानं त्याच दिवशी हात वर केला, ऑस्ट्रेलियानं शेवटी नको म्हटलं. उमेदवार एकच. मग ११ डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन सभा झाली, २०३० आणि २०३४ दोन्ही एकदमच मंजुरीला, आणि मत म्हणून काय करायचं, तर कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजवायच्या. झालं मंजूर. आपल्याकडं सोसायटीच्या सभेत 'मंजूर मंजूर' म्हणून ओरडतात त्याला लोक नावं ठेवतात, जागतिक पद्धत आहे ती.

पूर्वी हे काम फिफाच्या कार्यकारी समितीतले मोजके जण करायचे. २ डिसेंबर २०१० ला २२ जणांच्या एकाच बैठकीत २०१८ चा रशियाला आणि २०२२ चा कतारला, शेवटच्या फेरीत अमेरिकेला ८ आणि कतारला १४. मागताना जून-जुलैचा मागितला, मिळाल्यावर लक्षात आलं की तिथं ऊन असतं, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरला ढकलला. म्हणजे सोलापूरनं मे महिन्यातला वर्ल्ड कप मागायला काहीच अडचण नाही, पार्क मैदान गार करू असं लिहून द्यायचं, पुढचं पुढं. नंतर या मतदानाची चौकशी पण झाली, तेव्हा रशियावाले म्हणाले आमचे कॉम्प्युटर भाड्याचे होते, परत केले, मालकानं नष्ट केले. पावतीपुस्तक उंदरानं खाल्लं हे कारण आपण अजून वापरतोय. सुधरा.

बाहेरचं कुणी विचारायला आलं तर? त्यालाही औषध आहे. आपल्याच देशाचं बघा, भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांची मुदत डिसेंबर २०२० ला संपली, निवडणूक काही होईना, शेवटी मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं प्रशासक नेमले. दीड वर्ष निवडणूक नव्हती तेव्हा फिफा शांत. कोर्ट आलं तर ऑगस्टमध्ये अख्ख्या भारतावर बंदी, म्हणे बाहेरच्यांची ढवळाढवळ! कोर्टानं प्रशासक मागं घेतले आणि ११ दिवसांत बंदी उठली. मग निवडणूक झाली, देशाचा माजी कॅप्टन भुतिया उभा होता, त्याला मतं किती? एक. समोरच्याला ३३. मैदानात गोल मारणं वेगळं मालक.

कधीतरी पोलीस येतील, त्याची तयारी ठेवा. २७ मे २०१५ ला पहाटे झुरिचच्या पंचतारांकित हॉटेलातनं अमेरिकेच्या सांगण्यावरनं फिफाचे सात पदाधिकारी उचलले, तेव्हा हॉटेलच्या लोकांनी फोटो निघू नयेत म्हणून मधे पांढऱ्या चादरी धरल्या. पांढऱ्या! एवढा इंटरनॅशनल प्रसंग, आणि आपली जाडजूड डिझाइनवाली सोलापुरी चादर तिथं नाही, मार्केटिंगमध्ये आपण मार खातो तो असा. बाकी काळजी नको, दोनच दिवसांनी तिथंच निवडणूक झाली आणि फिफाचे अध्यक्ष ब्लाटर साहेब पाचव्यांदा निवडून आले. चार दिवसांनी सोडतो म्हणाले ती गोष्ट वेगळी.

आणि पुरस्कार विसरू नका. डिसेंबर २०२५ ला वर्ल्ड कपचे ग्रुप पाडायचा कार्यक्रम वॉशिंग्टनमध्ये होता, तिथं ब्लाटरनंतरचे फिफा अध्यक्ष इन्फान्टिनो साहेबांनी फिफाचा शांतता पुरस्कार नावाचा नवाच पुरस्कार काढून पहिलाच ट्रम्पना दिला. पदक त्यांनी स्वतःच उचलून गळ्यात घातलं. आपण उगाच शाल, श्रीफळ, फेटा बांधणारा माणूस शोधत बसतो.

तर नव्या मंडळाची पहिली सभा रविवारी संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन ठेवलीये. विषय एकच, अध्यक्ष म्हणजे तुम्ही. टाळ्या वाजवताना दोन्ही हात कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत असं ग्रुपवर टाका. फक्त रविवारी आपल्या भागात नळाला पाणी यायची पाळी आहे का ते आधी बघून घ्या, असली तर कुणी टाळ्या वाजवायला बसणार नाही, हातात घागरी असणार. मग कतारसारखं पुढं ढकलू.