चुकलेली गोळी कुठे जाते?

अंबाजोगाईहून चुलतभावाचा फोन आला. तो वस्तीवर राहतो, शेत गावापासून लांब, म्हणून त्यानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. "ताई, तुमच्या टेक्सासात तर कुणीही पिस्तूल घेऊन फिरतं. मग आमच्याकडंच एवढी चौकशी कशाला?"

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात हजाराहून जास्त शस्त्रपरवाने आहेत हे सगळ्यांना कळलं. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, बरेच परवाने रद्द झाले. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय: परवाना कुणाला मिळाला, कुणाच्या शब्दावर मिळाला. वाद रास्त आहे. पण ज्याला मिळाला त्याला ते हत्यार धरता येतं का, हे त्यात कुणी विचारत नाही.

मी ह्यूस्टनमध्ये इमर्जन्सीत रात्रपाळीची नर्स आहे. ग्रीन कार्ड आल्यावर 2019 मध्ये मी इथला परवाना काढला. आधी चार ते सहा तास वर्गात बसायचं: बळ कधी वापरता येतं, भांडण हत्याराविना कसं मिटवायचं, घरात लेकरं असतील तर पिस्तूल कसं ठेवायचं. मग लेखी परीक्षा, आणि रेंजवर पन्नास गोळ्या. समोर माणसाच्या आकाराचा कागद. तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. आतल्या कड्यांत लागली तर पाच गुण, त्यालगतच्या कड्यात चार, आकृतीवर बाकी कुठंही तीन. 250 पैकी 175 ला पास.

तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, आमच्या वाड्याच्या ओसरीएवढं. पहिल्या पाच गोळ्या एकेक करून, प्रत्येकीला दोन सेकंद. तिसऱ्या गोळीची तापलेली पुंगळी उडून माझ्या कॉलरमध्ये पडली. चटका बसला तशी मी गर्रकन वळले, भरलेलं पिस्तूल हातातच. प्रशिक्षकानं मनगट घट्ट पकडून नळी पुन्हा समोर केली. माझ्या डाव्या हाताला दोन पावलांवर एक मुलगी उभी होती. मी पास झाले, पण तो क्षण माझ्या गुणपत्रिकेत कुठंच नाही.

हिशेब मांडला तर पस्तीस गोळ्या नीट लागल्या की 175 होतात. म्हणजे पंधरा यार्डांवरच्या दहाही गोळ्या हुकल्या तरी माणूस पास होऊ शकतो. हुकलेल्या गोळीला शून्य, वजा काहीच नाही. रेंजवर मागं मातीचा बांध असतो, तो ती गोळी पोटात घेतो. माझ्या वॉर्डात मात्र असे लोक येतात ज्यांच्याशी कुणाचं भांडणच नव्हतं. एका बाईला तिच्या स्वयंपाकघरात लागली होती, भिंतीपलीकडून.

तरी ही सोपी परीक्षाही लोकांना जाच वाटली. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं पिस्तूल बाळगता येणाऱ्या माणसाला ते सोबत नेण्यासाठी परवानाच लागत नाही. परीक्षा राहिली ती ज्याला हवी त्याच्यापुरती. हे फार चुकीचं झालं असं मला मनापासून वाटतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीनं आता वर्ग न करता पिस्तूल घेतलंय, आणि ते पर्समध्ये कसं ठेवायचं हे ती मला विचारते.

आपल्याकडं 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आहे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठरवलेत. कागदावर आपण टेक्सासच्या पुढं आहोत, त्यामुळे ढिलेपणा तिकडून उचलायची गरज नाही. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला रेंजवरच्या परीक्षेची जोड हवी, दर नूतनीकरणाला ती पुन्हा हवी, आणि तिच्यात हुकलेल्या गोळीचे गुण कापले जावेत. नळी इकडेतिकडे फिरली तर तिथंच नापास करावं. मलाही तेव्हा नापास करायला हवं होतं.

भावाला मी एवढंच विचारलं, वस्तीवर रात्री तू गोळी झाडलीस आणि ती हुकली, तर त्या दिशेला काय आहे? तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "जाधवांचा गोठा. अन् गोठ्याला लागून त्यांची पोरं झोपतात."

पुढच्या आठवड्यात तो छत्रपती संभाजीनगरला रेंजची चौकशी करायला जाणार आहे.